परीखान्यातील वर्ग

शासकीय कामानिमित्त लखनौला माझे अनेकदा जाणे झाले. बैठका आटोपल्या, की संध्याकाळी मी कैसरबागेकडे वळतो. तेथे एका जुन्या इमारतीतून तबल्याचा ठेका आणि त्यावर पडणाऱ्या अनेक पावलांचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू येतो. मुली, आणि अलीकडे काही मुलगेही, कथकचे तोडे घोकत असतात. ही वास्तू म्हणजे अवधचा अखेरचा नवाब वाजिद अली शाह याचा परीखाना होय.

वाजिद अली शाह १८४७ साली गादीवर आला आणि १८४८ ते १८५० या काळात त्याने कैसरबागेचा विस्तीर्ण प्रासादसमूह उभारला. युवराज असल्यापासूनच त्याने स्त्रियांना गायन-नृत्याचे शिक्षण देण्याची व्यवस्था केली होती. या शिष्यांना ‘परी’ म्हणत, म्हणून तो परीखाना. या व्यवस्थेचे फार गोडवे गाण्याचे कारण नाही. यातील बहुतेक स्त्रिया गरिबीतून आलेल्या होत्या आणि त्यांच्या इच्छेचा प्रश्न कोणी विचारला असेल, असे वाटत नाही. तथापि त्यांच्यापैकीच एक, ‘महकपरी’ म्हणून आत आलेली, पुढे बेगम हजरत महल झाली आणि १८५७-५८ मध्ये तिने आपल्या अल्पवयीन पुत्राच्या नावाने लखनौचा कारभार व लढा दोन्ही चालविले. १८७९ साली ती काठमांडूत निर्वासित म्हणून वारली.

इंग्रज रेसिडेंटांच्या अहवालांत मात्र नवाबाच्या गाण्याबजावण्याखेरीज दुसरे फारसे काही दिसत नाही. राजा गवई आणि नर्तकींच्या संगतीत रमतो, सबब प्रजेवर अन्याय होतो, सबब राज्य खालसा करावे, अशी ती तर्कपरंपरा होती. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे थोडे थांबावेसे वाटते. १८०१ च्या तहाने कंपनीने अवधचा जवळजवळ अर्धा मुलूख आधीच घेतला होता. उरलेल्या राज्यावर इंग्रजी फौजेची सावली होती. ज्याच्या हातातून तिजोरी आणि तलवार दोन्ही काढून घेतल्या, त्याने सतार हाती धरली तर त्यात नवल ते काय? नवाबाचा कारभार चांगला होता असे मी म्हणत नाही; तो नव्हताच. पण फाइल कोणत्या निष्कर्षासाठी तयार केली जात आहे, हे तीस वर्षे फाइली वाचणाऱ्याला लवकर कळते. ७ फेब्रुवारी १८५६ रोजी अवध खालसा झाले. वार्षिक १२ लाखांच्या तनख्याचा तह नवाबाने सही न करता परत केला आणि तो कलकत्त्यास निघून गेला. तेथेच मटियाबुर्ज येथे १८८७ साली त्याचा अंत झाला.

मार्च १८५८ मध्ये कैसरबाग लुटली गेली. त्यानंतर शहरातून रुंद लष्करी रस्ते काढण्यासाठी तिचे बरेच भाग पाडण्यात आले. वाचलेल्या इमारतींतील काही तालुकदारांच्या वाट्याला आल्या. नाचणाऱ्या पावलांचा आवाज तेथे पुन्हा कोणी ऐकेल, असे त्या वेळी कोणास वाटले नसावे.

तो परत आणण्यात आपल्या एका माणसाचा मोठा वाटा आहे. मुंबईच्या वाळकेश्वरात १८६० साली जन्मलेले विष्णु नारायण भातखंडे व्यवसायाने वकील. त्यांनी देशभर हिंडून घराण्यांतील चिजा टिपल्या आणि ‘हिंदुस्तानी संगीत पद्धती’ हा ग्रंथ मराठीत लिहिला. पण त्यांच्या मनातील महाविद्यालय आकाराला आले ते लखनौत, १९२६ साली. संयुक्त प्रांतांचे तत्कालीन शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली आणि राय उमानाथ बली यांचे त्यांना भक्कम साहाय्य झाले. संस्थेला नाव दिले गेले गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांचे. ज्या राजवटीने गाण्यानाचण्याला कुशासनाचा पुरावा ठरविले होते, तिच्याच प्रांतप्रमुखाचे नाव सत्तर वर्षांनी संगीत महाविद्यालयाच्या दारावर लागले! पुढे हे महाविद्यालय परीखान्यात आले. श्रीकृष्ण रातंजनकर दीर्घकाळ त्याचे प्राचार्य होते, कृ. गुं. गिंडे, सुमती मुटाटकर ही त्यांची शिष्यमंडळी. मोहनराव कल्याणपूरकरांनी येथे कथक शिकविले. स्वातंत्र्यानंतर संस्थेला भातखंड्यांचे नाव मिळाले, २००० साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि २०२२ पासून ते राज्य विद्यापीठ आहे.

आता प्रशासनाचा प्रश्न. लखनौच्या या जुन्या इमारती पातळ लखौरी विटांच्या आणि चुना-सुरखीच्या. चुन्याच्या भिंतीला श्वास घ्यावा लागतो. तिच्यावर सिमेंटचा गिलावा थापला की ओल आत अडकते आणि वीट भुसभुशीत होते. शिक्षणसंस्थेच्या अंदाजपत्रकात रंगरंगोटी बसते, चुन्याचे जाणकार कारागीर सहसा बसत नाहीत. उलट, वास्तू केवळ स्मारक म्हणून जपायची ठरवली, तर पहिली सूचना येते ती वापर बंद करण्याची.

ही सूचना मी स्वतः एकदा मान्य केली आहे. नोकरीच्या मध्यावर, एका दुसऱ्या राज्यात, एका जुन्या वाड्याची फाइल माझ्यासमोर आली. तेथे संध्याकाळी गावातील मुलींचा नृत्यवर्ग भरत असे. पदाघातांनी जोत्यास हानी पोहोचते, असा अभिप्राय जोडलेला होता. मी तो तपासून न पाहता वर्ग अन्यत्र हलवावा, अशी टिप्पणी लिहिली. सहा वर्षांनी त्या गावी गेलो, तेव्हा दाराला गंजलेले कुलूप होते आणि दिवाणखान्याच्या भिंतीत मनगटाएवढा पिंपळ रुजला होता. वर्ग चालू असताना गळणाऱ्या कौलाची तक्रार दर पावसाळ्यात कोणी ना कोणी करीत असे. कुलूप लागल्यावर तक्रार करणारेच उरले नाहीत. वर्गाला दुसरी जागा मिळाली का, हे फाइलमध्ये कोठेच नव्हते, आणि मीही ते विचारले नव्हते.

गेल्या खेपेस परीखान्याबाहेर उभा होतो, तेव्हा आत कोणाचा तरी तुकडा समेवर येताना पुन्हा पुन्हा चुकत होता. गुरूंनी ठेका थांबविला, हाताने टाळी देत बोल म्हणून दाखविले, आणि मुलीने पुन्हा आरंभ केला. बैठकीहून परतताना घेतलेली गाडी बाहेर थांबलेली होती. मी चालकाला आणखी दहा मिनिटे थांबण्यास सांगितले.