‘ढ’ म्हणून बसवलेली मुलं

अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाला मराठीत एकाच अक्षरात नाव ठेवता येतं: ‘ढ’. अशोकाच्या शिलालेखांतल्या ब्राह्मी लिपीपासून आजच्या देवनागरीपर्यंत बाकीची अक्षरं ओळखू येणार नाहीत इतकी बदलली, ‘ढ’ मात्र जवळपास तसंच राहिलं. म्हणून जो पुढे सरकत नाही तो ‘ढ’, अशी त्याची व्युत्पत्ती सांगतात. मराठवाड्यातल्या शाळांमध्ये या अक्षराने ओळखली जाणारी मुलं पिढ्यान्‌पिढ्या मागच्या बाकावर बसली. पुढे ती शाळेतून गळाली आणि गुरं राखायला, हॉटेलात कपबश्या विसळायला किंवा ऊसतोडीला गेली. त्यांतल्या कोणाची बुद्धीच मुळात कमी होती, कोणाची बुद्धी चांगली असून अक्षरं लागत नव्हती, कोणाच्या मनावर घरातल्या एखाद्या घटनेचा घाव होता. शाळेच्या लेखी हे तिघे एकच होते.

त्यांना वेगळं ओळखायला या भागाला फार वेळ लागला, आणि त्याचं कारण भूगोलातही आहे. देवगिरी एक्सप्रेस नांदेडहून एका दिशेने सिकंदराबादला जाते, दुसऱ्या दिशेने मुंबईला. मतिमंद मुलांच्या शिक्षणाचं ज्ञान बराच काळ या गाडीच्या एका टोकाला होतं आणि वाचन-लेखनाच्या अडचणीचं प्रमाणपत्र दुसऱ्या टोकाला. मधल्या नांदेड-लातूरला शाळा होत्या, महाविद्यालयं होती, गुणवत्ता याद्याही होत्या. या मुलांसाठी मात्र फारसं काही नव्हतं.

नांदेडहून लातूरच्या रस्त्याला लागलं की विष्णुपुरी येतं. गोदावरीकाठचं हे गाव एके काळी काळेश्वराच्या मंदिरामुळे ओळखलं जायचं. मग इथे नदी अडवून मोठी उपसा सिंचन योजना झाली आणि जलाशयाला शंकरसागर नाव मिळालं. १९८१ मध्ये श्री गुरू गोबिंदसिंगजींच्या नावाचं अभियांत्रिकी महाविद्यालय आलं. १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मुक्तिसंग्रामदिनी, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं. १९८८ चं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही पुढे नांदेड शहरातून इथेच हललं. एका गावात अभियंते, पदवीधर आणि डॉक्टर घडवणाऱ्या तीन मोठ्या संस्था आहेत. विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. जनार्दन वाघमारे हे लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य होते. ‘लातूर पॅटर्न’शी त्यांचं नाव कायमचं जोडलेलं आहे. नेमून दिलेला सराव, पुन्हा पुन्हा चाचण्या, घासून घेतलेला अभ्यास. साध्या शेतकऱ्याचं पोर या पॅटर्नमुळे डॉक्टर झालं, हे मोठंच काम. पण जिथे सगळ्या जिल्ह्याचं लक्ष गुणपत्रिकेवर खिळलेलं असतं, तिथे ज्याला ‘कमळ’ हा शब्द वाचायला अर्धा मिनिट लागतो त्या मुलाचं काय होत असेल, याचा विचार कुठेतरी व्हायला हवा होता.

त्याआधीची स्थिती आणखी बिकट होती. निजामाच्या राज्यात सरकारी शिक्षणावर उर्दूचा पगडा. मराठी मुलांसाठी मराठी शाळा हाच झगड्याचा विषय होता. १९२१ मध्ये हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली, स्वामी रामानंद तीर्थांनी तिथे शिकवलं, आणि अशा शाळांमधूनच पुढे मुक्तिलढ्याचे कार्यकर्ते निघाले. जिथे धडधाकट मुलाला मातृभाषेतली पाटी मिळवून द्यायला चळवळ लागत होती, तिथे मतिमंद मुलासाठी वेगळी शाळा कोणाच्या मनातही येणं शक्य नव्हतं. असं मूल घरात राही, देवाधर्माला नेलं जाई, गावात ‘येडं’ म्हणून फिरे. पण गाव त्याला जेवू घाली, हेही खरं. ऋद्धिपूरचे गोविंदप्रभू यांना भोवतालचे लोक वेडे समजत; ते कोणाच्याही घरात शिरत, कुठेही जेवत, आणि म्हाइंभटाने त्यांच्या लीळा लिहून ठेवल्या. मराठी गद्याच्या अगदी आरंभीच्या ग्रंथांपैकी एक अशा माणसाभोवती उभा आहे. सांभाळण्याची रीत इथे जुनी होती. शिकवण्याची रीत नव्हती.

ती रीत परदेशातून आणि फार वळसे घेत आली. फ्रान्समध्ये १८०० च्या सुमारास इतार या डॉक्टरने जंगलात सापडलेल्या व्हिक्टर नावाच्या मुलाला शिकवायचा प्रयत्न केला. त्याचा शिष्य सेगँ याने त्यातून हात, डोळे, स्पर्श यांच्या मार्गाने शिकवायची पद्धत बांधली. रोममध्ये मारिया माँटेसरींनी तीच साधनं मंदबुद्धी मुलांवर वापरली आणि मग सगळ्याच मुलांसाठी खुली केली. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी ती भावनगरला उचलली, ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला ती आदिवासी पाड्यांवर नेली. आज गावच्या अंगणवाडीत जे लाकडी ठोकळे आणि खाचेत बसवायचे आकार दिसतात, त्यांची पहिली परीक्षा ‘ढ’ म्हणून बाजूला काढलेल्या मुलांच्या हातात झाली होती. शिक्षणाच्या इतिहासात या मुलांचं हे देणं फारसं कोणी मोजत नाही.

महाराष्ट्रात स्वतंत्र सोय आधी मुंबईत झाली. चिल्ड्रन्स एड सोसायटीने १९४१ मध्ये मानखुर्दला मतिमंद मुलांसाठी निवासगृह काढलं. १९४४ मध्ये वकील दांपत्याने डाउन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीसाठी, जयसाठी, वर्ग सुरू केला. तीच आजची जय वकील शाळा. पुण्यात सिंधुताई जोशींनी १९६४ मध्ये ‘कामायनी’ काढली. नाशिकला रजनीताई लिमये यांनी १९७७ मध्ये ‘प्रबोधिनी’ सुरू केली, तीही स्वतःच्या मुलाला वाढवताना आलेल्या अनुभवातून. दर शाळेमागे असं एखादं घर दिसतं. सरकार नंतर आलं.

मराठवाड्याला मुंबई-पुणे लांब, सिकंदराबाद जवळ. १९८४ मध्ये केंद्र सरकारने तिथे मनोविकासनगरात राष्ट्रीय मानसिक विकलांग संस्था उभी केली आणि नांदेडच्या पालकांना पहिल्यांदा असं ठिकाण मिळालं की जिथे ‘हे बरं होईल का?’ या प्रश्नावर औषधाची बाटली न देता ‘याला काय काय शिकवता येईल ते पाहू’ असं उत्तर मिळे. निजामाच्या काळापासून हैदराबादशी सोयरीक, व्यापार, रेल्वे. दख्खनी हिंदीत बोलणं निभून जाई. या संस्थेने घडवलेल्या मूल्यमापनाच्या तक्त्यांनी देशभरच्या विशेष शाळांचं कामच बदललं. पहिली-दुसरी अशा इयत्ता गेल्या. त्यांच्या जागी पूर्वप्राथमिक, प्राथमिक, माध्यमिक, पूर्वव्यावसायिक असे गट आले. घास स्वतः तोंडात घालणं, शर्टाची बटणं लावणं, लघवीला जायचं सांगणं, दहाची नोट ओळखणं, बस थांबली की उतरणं हा अभ्यासक्रम. प्रत्येक मुलाची वेगळी नोंदवही, तीन महिन्यांचं लक्ष्य, आणि एकच काम लहान लहान पायऱ्यांत तोडून शिकवणं. दात घासायला शिकवायचं तर पेस्टचं टोपण फिरवण्यापासून सुरुवात. सामान्य शाळेतल्या शिक्षकाला यातलं काहीच शिकवलेलं नसतं, म्हणून १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या कायद्याने विशेष शिक्षकासाठी वेगळी पदविका आणि नोंदणी बंधनकारक केली.

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या शाळांना मात्र एक गोष्ट सतत नडली. विशेष शाळा शिक्षण खात्याची मानली गेली नाही, ती समाजकल्याणाची. मुलगा शिकतो आहे, शिक्षिका शिकवते आहे, फळा आहे, हजेरीपट आहे; तरी फाइल कल्याणाच्या टेबलावर. स्वयंसेवी संस्थेने शाळा काढायची, मान्यतेची वाट पाहायची, मग अनुदानाची. तोवर शिक्षकांनी मानधनावर दिवस काढायचे. दिव्यांग कल्याणासाठी राज्यात स्वतंत्र विभाग झाला तो ३ डिसेंबर २०२२ रोजी. शिकवणं ही दया नव्हे, एवढं कागदावर यायला जे उशीर झाले त्यांची किंमत याच शाळांनी मोजली.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनानंतरच्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसर हादरला. लातूर-उस्मानाबादमधली ५२ गावं जमीनदोस्त झाली, हजारो माणसं गेली. आई-बाप गमावलेली मुलं दगडमातीतून निघाली ती बोलेनाशी झालेली होती, पत्र्याच्या आवाजाला दचकत होती, रात्री छपराखाली झोपायला तयार नव्हती. वर्गात त्यांचं लक्ष लागत नव्हतं, आणि याला मतिमंदत्व म्हणता येणार नव्हतं हे उघड दिसत होतं. शांतिलाल मुथा यांच्या भारतीय जैन संघटनेने १२०० मुलं पुण्याला शिकायला नेली. लातूरजवळ हरंगुळला जनकल्याण समितीचं निवासी विद्यालय उभं राहिलं. मनावर ओरखडा असलेलं मूल अभ्यासात मागे पडतं, ही गोष्ट या भागाला भूकंपाने शिकवली. अमेरिकेच्या १९७५ च्या कायद्यात भावनिक अस्वस्थता हा विशेष शिक्षणाचा वेगळा गट होता. आपल्याकडे आजही तसा गट नाही. दुष्काळात ज्यांच्या बापाने गळफास घेतला ती मुलं, मुखेड-कंधारच्या वाड्यातांड्यांवरून दिवाळीनंतर आई-बापांबरोबर ऊसतोडीला जाणारी आणि उन्हाळ्यात परतणारी मुलं कोणत्या यादीत बसवायची? त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहं निघाली, हे चांगलंच झालं. वसतिगृह भाकरी देतं, आईशिवाय काढलेल्या सहा महिन्यांचं काय करायचं हे त्याला ठाऊक नसतं.

हरंगुळच्याच परिसरात पुढे ‘संवेदना’ हे सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठीचं केंद्र उभं राहिलं. लातुरात आता स्वमग्न मुलांसाठी ‘उमंग’ ही संस्थाही आहे.

राहिलं गाडीचं दुसरं, मुंबईचं टोक. सॅम्युअल कर्क यांनी १९६३ मध्ये शिकागोच्या पालक-परिषदेत बुद्धी ठीक असूनही वाचता-लिहिता न येणाऱ्या मुलांसाठी ‘अध्ययन अक्षमता’ या अर्थाचं नाव वापरलं आणि ते रूढ झालं. भारताच्या १९९५ च्या अपंग कायद्यातल्या सात प्रकारांत ते नव्हतं. महाराष्ट्राने मात्र १९९६ पासून अशा मुलांना परीक्षेत सवलती दिल्या: जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे काणाडोळा, एका भाषेतून सूट, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीचं गणित आणि एक कार्यानुभवाचा विषय. राज्याने घेतलेला हा निर्णय देशात पहिलाच, आणि त्याचं मोल फार मोठं. पण प्रमाणपत्र देणारी तपासणी सुरुवातीला शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या मोजक्या ठिकाणी होई. मुंबईतली इंग्रजी शाळेतली मुलं तिथे पोहोचली. भोकर-किनवटच्या जिल्हा परिषद शाळेतलं मूल कसं पोहोचणार? त्याच्या गुरुजींनीच हा शब्द ऐकलेला नव्हता. २००७ मध्ये ‘तारे जमीन पर’ हा चित्रपट आला तेव्हा पुष्कळ शिक्षकांना पहिल्यांदा एखादं जुनं, मागच्या बाकावरचं तोंड आठवलं.

तपासणी पोहोचली तरी एक पेच होताच: चाचण्या मुख्यतः इंग्रजीच्या. मराठी वाचताना अडखळण्याच्या जागा वेगळ्या. ‘कि’मधली वेलांटी लिहिताना अक्षराच्या आधी, उच्चारताना नंतर. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्यात एका गाठीचं अंतर. जोडाक्षरातला ‘र’ कधी डोक्यावर चढतो, कधी पायाशी येतो. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीसाठी ‘डाली’ ही चाचणी आणली, तेव्हा मराठी मुलाला मराठीत तपासण्याचं साधन हाती आलं. नांदेडला तेही पुरेसं नाही. देगलूर-बिलोलीकडे घरात तेलुगू, तांड्यावर गोरमाटी, किनवटच्या पाड्यांवर गोंडी, शहरात उर्दू. घरी गोरमाटी बोलणाऱ्या मुलीला पहिलीत मराठी वाचता आलं नाही तर तिच्या मेंदूत दोष शोधण्याआधी तिची भाषा कोणती ते विचारावं लागतं. हा प्रश्न मुंबईच्या रुग्णालयात सुचला नसता. तो इथल्या मातीतूनच विचारला जायला हवा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने प्रकार सातांवरून २१ केले. विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता त्यात आल्या, ‘मतिमंद’च्या जागी बौद्धिक दिव्यांगत्व आलं; शाळांच्या पाट्यांवर मात्र जुना शब्द अजून दिसतो. समावेशित शिक्षणाचे फिरते विशेष शिक्षक गावोगावच्या शाळांत जाऊ लागले. जय वकील संस्थेने तयार केलेला मराठी अभ्यासक्रम ‘दिशा’ अभियानातून राज्यभरच्या विशेष शाळांकडे आला. एका मुलीसाठी घरात भरलेल्या वर्गातून निघालेलं हे काम आहे.

विशेष शाळेचं दार वयाच्या १८ व्या वर्षी बंद होतं. पुढे कर्मशाळा: मेणबत्त्या, फाइली, राख्या, पणत्या. रजनीताईंनी नाशिकला शाळेच्या जोडीला कार्यशाळा काढली ती मुलं मोठी झाली म्हणूनच. नांदेड-लातूरकडे कर्मशाळा त्यामानाने थोड्या, आणि बाहेरगावच्या मुलाला रोज ने-आण परवडत नाही. १९९० च्या दशकात बटणं लावायला शिकलेली मुलं आता तिशी-चाळिशीत आहेत. त्यांना सिकंदराबादला घेऊन गेलेले आई-बाप म्हातारे झाले आहेत. पालकांच्या बैठकीत खाण्याचा, फिटचा, औषधांचा विषय निघून संपतो आणि मग कोणीतरी तोच प्रश्न विचारतं, ‘आमच्यामागं याचं कसं?’