गाठीचं मोल

गेल्या मे महिन्यात शाळेच्या ग्रंथालयाची कपाटं करायला सुतार आला. एक फळी बाजूला सारून म्हणाला, "सर, हिच्यात गाठ आहे, पुस्तकांचा भार पेलायची नाही." मदतनिसाला तेच कानडीत सांगताना तो 'गंटु' म्हणाला. गाठ आणि गंटु! भाषा बदलली तरी शब्द सख्खेच.

त्या फळीनं मला इतिहासात नेलं. गाठ म्हणजे वाढत्या खोडानं पोटात घेतलेला फांदीचा बुंधा. तिच्याभोवती लाकडाचे तंतू वळसा घेतात, म्हणून तुळई तिथं कमजोर होते. आपल्या भागात ओक भेटतात ते आडनावाचे. युरोपात मात्र घरांना आणि जहाजांना ओकवृक्षाचं लाकूड लागे. तुळईला सरळ, निर्दोष ओक हवा.

तोच गाठाळ ओक पातळ कापून साध्या लाकडावर चिकटवला, की दोषाचा गुण होतो. भार खालचं लाकूड पेलतं, वर गाठींची नक्षी दिसते. बारीक गाठींच्या झुबक्यांना इंग्रज सुतार 'मांजराचा पंजा' म्हणतात. या पापुद्र्याला म्हणतात व्हिनिअर.

ही दृष्टी जुनीच. इ. स. 77 च्या सुमारास रोमच्या प्लिनीनं, एकच झाड अनेकदा विकलं जातं म्हणून व्हिनिअरवर नाक मुरडलं. पण अ‍ॅटलास पर्वतातल्या सिट्रस वृक्षाच्या मुळाजवळच्या गाठींची मेजं सर्वांत मोलाची, हेही त्यानंच नोंदवलं. सिट्रसच्या एका मेजाला सिसेरोनं 5 लाख सेस्टर्स मोजले होते. पुढं 1806 साली मार्क ब्रुनेलनं इंग्लंडमध्ये व्हिनिअर कापणाऱ्या करवतीचं पेटंट घेतलं. करवतीत पुष्कळ लाकूड भुशात जाई. नंतर लाकूड वाफेनं मऊ करून पात्यानं कापू लागले. आता इंचभर जाडीतून 0.6 मिलिमीटरचे चाळीसेक पापुद्रे निघतात.

हा सुतार माझाच विद्यार्थी. पंचवीस वर्षांपूर्वी त्याच्या प्रगतिपुस्तकावर 'अभ्यासात गती नाही' असा शेरा मीच लिहिला होता. भार पेलण्याच्या एकाच कसोटीवर मी त्याला पारखलं होतं.

ती गाठीची फळी मी त्याच्याकडून कपाटाच्या दर्शनी भागावर बसवून घेतली. मुलं येता-जाता तिच्यावरून हात फिरवतात.