आगगाडी, धान्याची पेठ आणि प्लेग : कोल्हापूर संस्थानाच्या इतिहासातील एक प्रकरण

जागतिक व्यापाराचा गरिबांच्या आरोग्यावर होणारा परिणाम हा विषय १९९१ नंतरच्या उदारीकरणापासून सुरू होतो, असा समज रूढ आहे. करवीरच्या इतिहासाच्या अभ्यासकाला तो मान्य होण्याजोगा नाही. मिरज-कोल्हापूर लोहमार्ग १८९१ साली सुरू झाला आणि १८९५ मध्ये शाहू छत्रपतींनी शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसविली. येथील गूळ दूरच्या बाजारांना जोडला गेला, त्याबरोबर येथील माणूसही त्या बाजारांच्या व्याधींना जोडला गेला.

हाँगकाँग येथे १८९४ साली प्लेगची साथ उद्भवली व त्याच वर्षी यर्सिन याने तिचा जंतू शोधून काढला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांना पहिले रुग्ण आढळले. मांडवी ही बंदरालगतची धान्याच्या गुदामांची वस्ती होती, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे रोग पसरतो, असे प्रतिपादन सिमाँ याने १८९८ मध्ये केले. परंतु ते सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे लागली. तोवर सरकारचा सारा रोख माणसांवर राहिला. धान्याची पोती मात्र गाडीने गावोगाव जात राहिली.

१८९७ चा साथरोग कायदा इतक्या त्वरेने का झाला, याचे उत्तर केवळ प्रजेच्या काळजीत सापडत नाही. युरोपीय राष्ट्रे हिंदी मालास व यात्रेकरूंना आपली बंदरे बंद करतील ही धास्ती मोठी होती. त्याच वर्षी व्हेनिस येथे प्लेगसंबंधी आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. पुण्यातील घरझडत्या आणि २२ जून १८९७ रोजी रँडवर झालेला हल्ला यांची हकीगत सुपरिचित असल्याने येथे विस्तार करीत नाही. रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच निवर्तल्या, एवढे मात्र नमूद केले पाहिजे.

कोल्हापूर संस्थानावर प्लेगचे संकट १८९६-९७ च्या दुष्काळाच्या पाठोपाठ आले. दरबारने गाव सोडून माळावर झोपड्यांत राहण्याची व्यवस्था केली. शास्त्रदृष्ट्या हा उपाय योग्यच होता, कारण उंदरांपासून दूर जाणे हाच खरा बचाव होता. परंतु गाव सोडणे सर्वांना सारखे सोपे नव्हते. ज्याचा मळा होता तो मळ्यात गेला. ज्याचे पोट रोजच्या मजुरीवर किंवा पेठेतील हमालीवर होते, त्याच्या दृष्टीने गाव सोडणे म्हणजे रोजगार सोडणे होते. धान्याच्या वखारीत राबणारा हमाल मेलेल्या उंदरांच्या सर्वांत निकट होता आणि घर सोडण्यास सर्वांत असमर्थ होता. दुष्काळाने क्षीण झालेल्या देहाची गोष्ट तर निराळीच.

हिंदुस्थानात या साथीने पुढील काही दशकांत एक कोटीहून अधिक माणसे दगावली. जून १९१८ मध्ये इन्फ्लुएन्झा आला, तोही मुंबई बंदरातूनच. त्या वर्षी पाऊसही चुकला होता. या दोन्ही साथींच्या नोंदी आपणास मुख्यतः अधिकाऱ्यांच्या लेखणीतून मिळतात. त्यांत मृतांची गणती असते, परंतु बुडालेल्या मजुरीचा हिशेब क्वचितच असतो. तो हिशेब पेठेतील वह्या, रेल्वेची मालनोंद आणि गावकामगारांचे दप्तर एकत्र ताडून पाहिल्याखेरीज लागणार नाही.