अभिनेत्री शशिकला : सोलापूर ते रुपेरी पडदा – एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
कापड गिरण्या व १९३० चा मार्शल लॉ या अंगांनी सोलापूरच्या इतिहासाचा विपुल अभ्यास झाला आहे. त्या तुलनेत या शहराने चित्रपटसृष्टीस दिलेल्या कलावंतांची दखल अल्प प्रमाणात घेतली गेली. शशिकला जवळकर हे त्यांतील एक महत्त्वाचे नाव होय. 'खलनायिका' ही त्यांची रूढ ओळख कितपत पुरेशी आहे, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

जडणघडण :
शशिकला यांचा जन्म ४ ऑगस्ट १९३२ रोजी सोलापूर येथे झाला. बालपणीच त्यांनी जिल्ह्यातील गावोगावी रंगमंचावर नृत्य, गायन व अभिनय केला. पुढे वडिलांचा व्यवसाय बुडाला आणि कुटुंब मुंबईस आले. अर्थात, चित्रपटातील त्यांचा प्रवेश हौसेतून नव्हे, तर कुटुंबाच्या चरितार्थाच्या गरजेतून झाला. नूरजहाँ यांच्या परिचयातून त्यांना 'झीनत' (१९४५) मधील स्त्रियांच्या कव्वालीत संधी मिळाली. त्या वेळी त्यांचे वय अवघे बारा-तेरा वर्षांचे होते. त्यानंतर लहानमोठ्या भूमिका करीत त्या व्ही. शांताराम यांच्या 'तीन बत्ती चार रास्ता' (१९५३) पर्यंत पोहोचल्या.

कीर्ती आणि साचा :
बिमल रॉय यांच्या 'सुजाता' (१९५९) मध्ये त्यांनी नायिकेवर सख्ख्या बहिणीप्रमाणे माया करणारी अल्लड रमा साकारली. ही भूमिका खलनायिकेची नव्हती. मात्र 'आरती' (१९६२) व 'गुमराह' (१९६३) मधील नकारात्मक भूमिकांसाठी त्यांना साहाय्यक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पुरस्कार लाभले आणि याच यशाने त्यांच्याभोवती एक साचा तयार झाला. तत्कालीन हिंदी चित्रपटात नायिका सोशिक असे. चतुर, बोलकी व आधुनिक वेशातील स्त्री बहुधा संशयास्पद ठरे. शशिकलांची चपळ देहबोली व धारदार संवादफेक या चौकटीत नेमकी बसली. वस्तुतः हृषीकेश मुखर्जी यांच्या 'अनुपमा' (१९६६) मध्ये हाच अवखळपणा अबोल नायिकेला सोबत देणाऱ्या मैत्रिणीच्या रूपाने प्रकटला. गुण तेच, परंतु पटकथेने त्यांना दिलेला अर्थ वेगळा होता. प्रेक्षकांच्या स्मरणात मात्र पहिलाच अर्थ दृढ झाला.

उत्तरकाल :
मध्यंतरी चित्रपटसृष्टीपासून दूर जाऊन त्यांनी मदर तेरेसा यांच्या संस्थेत सेवाकार्य केले. परतल्यावर त्यांनी चरित्र भूमिका स्वीकारल्या. २००० साली सुरू झालेल्या 'सोनपरी' या मालिकेमुळे त्या बालप्रेक्षकांच्याही परिचयाच्या झाल्या. ज्या पिढीने त्यांचे जुने चित्रपट पाहिले नव्हते, तिच्या मनात खलनायिकेची प्रतिमा नव्हतीच. २००७ मध्ये भारत सरकारने त्यांना 'पद्मश्री' देऊन गौरविले. ४ एप्रिल २०२१ रोजी मुंबई येथे वयाच्या ८८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

निष्कर्ष :
शशिकला यांची कारकीर्द केवळ एका खलनायिकेची कथा नाही. कोवळ्या वयात घराचा भार उचलणाऱ्या मुलीच्या दीर्घ श्रमांचा तो इतिहास आहे. ज्या साच्याने त्यांना कीर्ती दिली, त्यानेच त्यांच्या अभिनयाची विविधता झाकली. गिरणी कामगारांच्या श्रमांचा इतिहास जपणाऱ्या सोलापूरने आपल्या या कन्येच्या श्रमांचीही नोंद स्थानिक इतिहासात करणे आवश्यक आहे.