दावा आणि दाखला

आठ दिवसांत साखर आटोक्यात, महिन्याभरात वजन निम्मे! असल्या पावडरींच्या जाहिराती आता मोबाईलवरून आमच्या यावलपर्यंतही येतात. पारख कशी करावी?

१८९७ साली मुंबईत प्लेगने माणसे मरत होती. जंतुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी १० जानेवारीला आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. पण एकट्याचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे. मग भायखळ्याच्या तुरुंगात हिशोब मांडला गेला. लस घेतलेले कैदी १४७. लागण दोघांना, मृत्यू एकही नाही. न घेतलेले १७२. लागण बारा जणांना, मृत्यू सहा.

मंडळी, ‘मला गुण आला’ असे कुणी म्हटले, तर एवढेच विचारा: ज्यांनी घेतले नाही, त्यांचे काय झाले?