ट्रंकवरून कोणाला जाऊ द्यायचं?

‘ट्रंक’ हा शब्द आपल्या मुरूडच्या जुन्या माणसांना दोन अर्थांनी ठाऊक आहे. एक पत्र्याची पेटी, दुसरा ट्रंक कॉल. पेटी आज बाजूला ठेवू. एका एक्स्चेंजकडून दुसऱ्या एक्स्चेंजकडे जाणारी सामाईक लाइन, ती ट्रंक. लाइनी मोजक्या, बोलणारे पुष्कळ. म्हणून ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग असे वेगवेगळे दर, आणि नंबर लागेपर्यंत ताटकळत बसणं. १९६० साली लखनौ-कानपूर अशी देशातली पहिली एसटीडी सुरू झाली, तरी आपल्याकडे ऑपरेटरची सत्ता पुढं कैक वर्षं टिकली.

संगणकाच्या जाळ्यातली ट्रंक याच घराण्यातली. अमेरिकेत बेलकोर नावाची टेलिफोन कंपन्यांची संशोधन संस्था होती. तिथं १९८० च्या दशकात डेव्हिड सिंकोस्की यांना इथरनेटचं जाळं टेलिफोनइतकं मोठं करायचं होतं. अडचण अशी, की सगळी वाहतूक मधल्या एकाच स्विचवर तुंबायची. त्यांनी तोडगा काढला: प्रत्येक फ्रेमला एक खूण लावायची, जणू रंगच, आणि रंगागणिक वाटा वेगळ्या करायच्या. तार एक, जाळी अनेक. हीच व्हीलॅन. पुढं १९९८ मध्ये ८०२.१क्यू हे मानक आलं. खुणेत क्रमांकासाठी १२ बिट, म्हणजे ४०९६ क्रमांक; पहिला आणि शेवटचा राखीव, उरले ४०९४.

आता खरा प्रश्न: ट्रंकवरून जायची परवानगी कोणत्या व्हीलॅनला? याची कल्पना मराठवाड्याच्या माणसाला यायला वेळ लागू नये. कुर्डुवाडी-बार्शीची छोटी रेल्वे १८९७ ची. ती १९११ मध्ये लातूरला पोचली, आपल्या मुरूडवरूनच. बार्शी इंग्रजांची, मुरूड-लातूर निजामाचं. रूळ एकच, डब्यांत नाना मालकांचा माल, आणि सरहद्द ओलांडली की करोडगिरी. रूळ आहे म्हणून माल आपोआप मोकळा होत नव्हता. नाक्यावरची यादी निराळी असायची.

सिस्कोच्या स्विचवर मात्र उलटं आहे. ट्रंक केली की मुळात १ ते ४०९४ सगळ्यांना परवानगी! नाका आहे, पण फाटक उघडं. समजा, महाविद्यालयात १० नंबर कार्यालयाचा, २० परीक्षा विभागाचा, ३० विद्यार्थ्यांच्या लॅबचा. लॅबच्या इमारतीकडे जाणाऱ्या ट्रंकवर २० सोडायचं कारण नाही. सोडलं तर त्या स्विचवर ज्याचा हात पोचला, तो तिथलं एखादं पोर्ट परीक्षा विभागात घालू शकतो. म्हणून तिथं फक्त ३०.

मुख्य इमारतीतल्या ट्रंकवर १०, २०, ३० तिन्ही आहेत असं धरा. आता कॅमेऱ्यांसाठी ४० वाढवायचा आहे. आज्ञा आहे ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाऊड व्हीलॅन ॲड ४०’. यातला ‘ॲड’ गाळला की यादीत ४० वाढत नाही, यादीच ४० होते. बाकीचे तिघं बाहेर. परीक्षेच्या दिवशी हे झालं तर हॉलतिकिटं छापायची राहतात. आणि हे काम करणारा माणूस त्याच ट्रंकवरून, त्या तिघांपैकी एका व्हीलॅनमधून दुरून स्विचवर बसला असेल, तर त्याची स्वतःचीही वाट बंद. मग जिने चढून केबल लावायची. तर्कशास्त्र शिकवताना मी ‘आणि’ नि ‘फक्त’ यांतला फरक मुलांना तासन्‌तास सांगायचो. हे उदाहरण तेव्हा हाताशी असतं तर दहा मिनिटांत भागलं असतं.

एक व्हीलॅन बिनखुणेची असते, तिला नेटिव्ह म्हणतात. मुळात ती १ नंबरची. ट्रंकवर खूण नसलेली फ्रेम आली की स्विच ती हिच्या खात्यात टाकतो. दोन्ही टोकांना नेटिव्ह निराळी ठेवली तर एकीकडचं पत्र दुसरीकडे भलत्याच घरी पडतं.

काम झाल्यावर ‘शो इंटरफेसेस ट्रंक’ लिहून बघावं. त्यात तीन याद्या येतात. पहिली, कोणाला परवानगी आहे त्यांची. दुसरी, परवानगी असून जे या स्विचवर अस्तित्वात आणि चालू आहेत त्यांची. तिसरी, जे आत्ता खरोखर या वाटेनं जाताहेत त्यांची. ४० पहिल्या यादीत आहे, दुसरीत नाही, म्हणजे स्विचवर ती व्हीलॅन कुणी तयारच केलेली नाही, किंवा केली असून बंद ठेवली आहे. तिन्हींत आहे, तरी कॅमेरा दिसत नाही? मग पलीकडच्या टोकाची यादी बघा. ट्रंकला नाके दोन असतात.