बलिविधीच्या साधनांतील मौन : ग्रीक कुंभचित्रे आणि नाणेघाटचा शिलालेख

प्रस्तावना : इतिहासाच्या साधनांत काय आढळते याबरोबरच काय आढळत नाही, याचाही विचार अभ्यासकाला करावा लागतो. पशुबली ग्रीक धर्मात होता, तसाच वैदिक यज्ञसंस्थेतही होता. तथापि ग्रीक कुंभचित्रांत वधाचा क्षण क्वचितच आढळतो, तर नाणेघाटच्या यज्ञलेखात त्याचा उल्लेखच नाही. या मौनाचा अर्थ कसा लावावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

ग्रीक कुंभचित्रे : इ. स. पूर्व सहाव्या व पाचव्या शतकांतील अथेन्सच्या मृत्पात्रांवर वेदीकडे निघालेली मिरवणूक, सजविलेला बैल आणि शिगांवर भाजले जाणारे अंतर्गत अवयव वारंवार दिसतात. पशूच्या मानेवर चालणारी सुरी मात्र विरळाच. वाल्टर बुर्कर्ट (१९७२) यांनी बलिविधीच्या मुळाशी हत्येविषयीची अपराधभावना कल्पिली, तर झाँ-पिएर व्हेर्नां यांनी विधीत व चित्रांत हिंसा झाकली जाते, असे मांडले. व्हान स्ट्राटेन (१९९५) यांनी मात्र चित्रांचा विस्तृत संग्रह तपासून, ग्रीकांना त्या क्षणाचे विशेष महत्त्व वाटत नसावे, असे सुचविले.

नाणेघाटचा लेख : प्रतिष्ठानकडून (आजचे पैठण, जि. छत्रपती संभाजीनगर) जुन्नरमार्गे कोकणात उतरणाऱ्या व्यापारी मार्गावर नाणेघाट आहे. तेथील राणी नागनिकेच्या नावे ओळखल्या जाणाऱ्या सातवाहनकालीन प्राकृत लेखात राजसूय, दोन अश्वमेध व इतर अनेक यज्ञांची नोंद आहे. १,७०० गाई व १० हत्ती, ११,००० गाई व १,००० घोडे, ६,००१ कार्षापण असे दक्षिणा-दानाचे आकडे त्यात काटेकोरपणे कोरले आहेत. बळी दिलेल्या अश्वाविषयी मात्र एक शब्दही नाही. हा संकोच म्हणावा काय? वैदिक परंपरेत असा संकोच होता, हे खरे. श्रौतग्रंथ वधाला 'संज्ञपन' म्हणतात. ते काम शमिता करतो आणि ऋत्विज त्या वेळी तोंड फिरवितात. परंतु हे आपल्याला विधिग्रंथांतून कळते, शिलालेखाच्या मौनातून नव्हे. लेखाचा हेतू यजमानाचे औदार्य वाटसरूंपुढे मांडणे हा होता. म्हणून त्यात दान मोजले आहे.

निष्कर्ष : कुंभचित्र ग्राहकासाठी रंगविले गेले, शिलालेख कीर्तीसाठी कोरला गेला. साधन कोणी, कोणासाठी व कशासाठी घडविले, हे ठरविल्यावाचून त्याच्या मौनावरून समाजाची मनोवृत्ती ठरविणे धोक्याचे आहे. मौनाला अर्थ द्यायचा, तर त्याला दुसऱ्या स्वतंत्र साधनाची साक्ष हवी.